ज्याचा आवाज, त्याचं नाव

जुनं साउंड कार्ड हातात आलं की त्यावरचं छापील नाव मी सगळ्यात शेवटी वाचतो. आधी बोर्ड उजेडात तिरका धरायचा, सर्वांत मोठ्या आयसीवरचा क्रमांक वाचायचा, मग तिच्या शेजारच्या लहान आयसी बघायच्या, मग क्रिस्टलवरचा आकडा. कंपनीने कडेला ठळक अक्षरांत काय छापलंय ते त्यानंतर. हा क्रम मला अण्णांनी लावून दिला. आज मी पोटापाण्यासाठी ऑडिओ ड्रायव्हर लिहितो. त्या कामाचा पाया पुण्यात, बुधवार पेठेतल्या एका पोटमाळ्यावर घातला गेला, आणि तो घालणाऱ्या माणसाने माझ्याकडून कधी एक पैसाही घेतला नाही.

अण्णा मूळचे वाईकडचे. रेडिओवर हात बसलेला, पुढे टेपरेकॉर्डर आले, मग गणपती मंडळांचे ॲम्प्लिफायर. तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर एका जुन्या वाड्यात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे लाकडी जिना चढून गेल्यावर लागणारी बसकी खोली, खिडकीशी टेबल, भिंतीला फळ्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मल्टिमीडिया किटची लाट आली. साउंड कार्ड, सीडी-रॉम ड्राइव्ह आणि दोन स्पीकर एका खोक्यात मिळू लागले. संगणक जोडून देणारी मुलं बिघडलेली कार्डं टाकून देण्याऐवजी अण्णांकडे आणू लागली. अण्णा संगणक शिकलेले नव्हते, पण त्या बोर्डावर त्यांना ओळखीचे चेहरे दिसले. टीईए २०२५ ही ॲम्प्लिफायरची आयसी त्यांनी कितीतरी टेपरेकॉर्डरमध्ये बदलली होती. तीच इथे स्पीकरच्या जॅकमागे बसलेली. ४५५८ हा ऑप-अँपही जुन्या ओळखीचा. “मागचं अर्धं तर आपलंच आहे,” ते म्हणाले, “पुढचं अर्धं शिकून घेऊ.”

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, मेसचे पैसे महिन्याच्या अखेरीस ओढाताण करून भरायचो. स्वस्तात एखादं जुनं कार्ड मिळतंय का, हे विचारायला मी तो जिना चढलो. अण्णांच्या टेबलावर एका यामाहा आयसीच्या माहितीपत्रकाची झेरॉक्स पडलेली होती. पानं इंग्रजीत, आकृत्या मात्र त्यांनी लाल पेन्सिलीने खुणा करून वाचलेल्या. “हे वाचून सांगतोस का रे?” एवढंच ते म्हणाले. मी वाचत गेलो, जमेल तसं मराठीत सांगत गेलो, आणि मधेच थांबवून ते असे प्रश्न विचारायचे की मला ती ओळ पुन्हा वाचावी लागायची. त्यानंतर रोजच कॉलेज सुटलं की मी तिथे असायचो. वाचायचं मी, समजावून द्यायचं त्यांनी, अशी आमची शाळा भरायची.

पहिला धडा दोन खोक्यांनी दिला. एकाच दुकानातून आलेली, एकाच रंगाची, दोन्हींवर सोळा बिट आणि थ्रीडी साउंड असं छापलेलं. किंमतही एकच. अण्णांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि म्हणाले, “फरक सांग.” एकावर यामाहाची वायएमएफ ७१९ होती, दुसऱ्यावर ऑप्टीची ८२सी ९३१. बोर्डाचा आकार मिळताजुळता, जॅक त्याच क्रमाने, गेम पोर्ट तसाच. पण यामाहाच्या आयसीत खरंखुरं ओपीएल३ सिंथेसायझर भरलेलं होतं, आणि ऑप्टीवाल्याने त्याची स्वतःच्या हिकमतीने केलेली नक्कल बसवली होती. गिऱ्हाइकाला खोकं बघून हे कळायचा काही मार्ग नव्हता. अण्णा म्हणाले, “खोकं छापणारा वेगळा, बोर्ड जोडणारा वेगळा, आवाज काढणारा वेगळा. आपण तिसऱ्याला ओळखायचं.” आणि दुरुस्तीच्या वहीत त्यांनी कंपनीच्या रकान्यात खोक्यावरचं नाव न लिहिता वायएमएफ ७१९ असं लिहिलं. त्यांची सगळी वही तशीच भरलेली होती. गिऱ्हाइकाला दिलेल्या पावतीवरही आयसीचा क्रमांक असायचा.

तो क्रमांक कुणाचा, याचा मागोवा घेत मी पुढे बरंच वाचलं. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली आला तेव्हा त्याच्या पोटात एक छोटा स्पीकर होता आणि त्याला एका वेळी एकच सूर वाजवता यायचा. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी शिकत असतानाही तसेच संगणक होते. १९८७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरातून ॲडलिब नावाचं कार्ड बाजारात आलं. ते आणणारे मार्टिन प्रेव्हेल हे लावाल विद्यापीठातले संगीताचे माजी प्राध्यापक. कार्डावर मुख्य आयसी एकच होती, यामाहाची वायएम ३८१२, जिला ओपीएल२ म्हणतात. चोवीस पायांची. तिच्या शेजारी वायएम ३०१४ ही लहानशी आयसी, आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी. ही जोडी नऊ सूर एकाच वेळी वाजवू शकायची, किंवा सहा सूर आणि पाच तालवाद्यं.

ती ज्या रीतीने आवाज घडवते ती रीत मात्र यामाहाचीही नव्हे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार १९६७ च्या सुमारास संगणकावर सुराला कंप देण्याचे प्रयोग करत होते. कंपाचा वेग वाढवत नेला तेव्हा एका टप्प्यानंतर कानाला कंप ऐकू येईनासा झाला आणि सुराचा पोतच बदलला. एका लहरीने दुसऱ्या लहरीची वारंवारिता हलवायची, आणि किती हलवायची यावरून घंटा, पितळी वाद्य, लाकडी वाद्य असे निरनिराळे आवाज काढायचे. एफएम सिंथेसिस म्हणतात ते हेच. १९७७ साली स्टॅनफर्डला त्याचं पेटंट मिळालं. यामाहाने ते हक्क घेतले, १९८३ मध्ये डीएक्स ७ हा कीबोर्ड काढला, आणि तेच तत्त्व लहान करून स्वस्त आयसीत बसवलं. ओपीएल२ मध्ये एका सुराला अशा दोन लहरी मिळतात. पुढच्या वायएमएफ २६२ मध्ये, म्हणजे ओपीएल३ मध्ये, सूर अठरा झाले, मूळ लहरींचे आकार चाराचे आठ झाले, स्टिरिओ आला, आणि हवं तर काही सुरांसाठी चार लहरी एकत्र जोडता येऊ लागल्या.

प्रिन्स ऑफ पर्शिया हा खेळ माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी त्या एका सुराच्या स्पीकरवर खेळला. अण्णांच्या टेबलावर मी तो पहिल्यांदा ओपीएल२ वर ऐकला. डॉससाठी तो १९९० मध्ये निघाला. त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर. संगीत मात्र त्याच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. इतकी वर्षं जे संगीत कॉलेजमधल्या यंत्रांनी अर्धवट गिळून टाकलं होतं, ते त्या दिवशी पुरतं ऐकलं. मी अण्णांना हे सांगितलं. बापाने मुलाच्या खेळाला चाल दिली, हे ऐकून ते इतके खूश झाले की खालून चहा मागवला.

आता नावं झाकण्याची गोष्ट. क्रिएटिव्ह ही सिंगापूरची कंपनी. तिचं पहिलं कार्ड १९८७ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी गेम ब्लास्टर या नावाने विकलं गेलं. त्यावर फिलिप्सच्या एसएए १०९९ या दोन आयसी होत्या, मिळून बारा सूर. पण त्यांच्यावर क्रिएटिव्हने स्वतःची चिठ्ठी डकवली, सीएमएस ३०१. १९८९ च्या साउंड ब्लास्टरवर यामाहाची वायएम ३८१२ बसली, तीही एफएम १३१२ असं नाव घेऊन. त्या कार्डात क्रिएटिव्हची स्वतःची मोठी कामगिरी होती, हे मी मुद्दाम सांगतो. ॲडलिबची सगळी गाणी वाजवायची, शिवाय बोललेला आवाज, स्फोट, पावलं असे प्रत्यक्ष नोंदलेले ध्वनी वाजवायचे, आणि त्याच कार्डावर जॉयस्टिकचीही सोय, हे सगळं त्यांनी एकत्र आणलं. नोंदलेल्या ध्वनीचं काम सांभाळायला इंटेलच्या ८०५१ घराण्यातला एक छोटा नियंत्रक ठेवला. ही जुळणी त्यांची, आणि तिच्यापुढे ॲडलिब टिकू शकलं नाही. १९९२ मध्ये ॲडलिबचं दिवाळं निघालं. पण दुसऱ्याच्या आयसीवर आपली चिठ्ठी डकवणं अण्णांना अजिबात आवडायचं नाही. असा काही बोर्ड आला की ते हेअर ड्रायरच्या गरम हवेने चिठ्ठी सैल करायचे, कापसाला स्पिरिट लावून खालच्या क्रमांकावरचा गोंद पुसून काढायचे आणि मग तो क्रमांक वहीत लिहायचे. तैवान-हाँगकाँगकडून येणाऱ्या काही स्वस्त कार्डांवर तर आयसीचा माथाच घासून काढलेला असायचा. तिथे पायांची संख्या मोजायची, शेजारचा क्रिस्टल वाचायचा. १४.३१८ मेगाहर्ट्‌झ असेल तर ओपीएलचं घड्याळ त्यावर चालत असण्याचा संभव. २४.५७६ आणि १६.९३४४ अशी जोडी दिसली की ॲनालॉग डिव्हायसेसच्या एडी १८४८ किंवा क्रिस्टल कंपनीच्या सीएस ४२३१ सारख्या कोडेकचा, म्हणजे ध्वनीचे आकडे आणि आकड्यांचा ध्वनी करणाऱ्या आयसीचा, माग, कारण पहिल्या आकड्यातून ४८ किलोहर्ट्‌झची शाखा निघते आणि दुसऱ्यातून ४४.१ ची. घासलेल्या आयसीलाही असं नाव परत मिळायचं.

आणखी बऱ्याच खुणा त्यांनी आणि मी मिळून जमवल्या. आयसीवरचा चार आकड्यांचा शिक्का, ९४३२ असेल तर १९९४ सालचा बत्तिसावा आठवडा. विंडोज ९५ ला कार्ड ओळखता आलं नाही तरी त्याच्या आत कोरलेला तीन अक्षरांचा संकेत वाचता यायचा: सीटीएल म्हणजे क्रिएटिव्ह, ईएसएस म्हणजे ईएसएस, वायएमएच यामाहा, सीएससी क्रिस्टल. डॉसमध्ये ब्लास्टर नावाची ओळ असायची, तिच्यातला टी नंतरचा आकडा कार्डाची पिढी सांगायचा. पण ती ओळ माणसाने लिहिलेली, तिच्यावर विसंबायचं नाही. त्याऐवजी कार्डाच्याच नियंत्रकाला त्याची आवृत्ती विचारायची: ३ ने सुरू झाली तर साउंड ब्लास्टर प्रो, ४ ने सुरू झाली तर साउंड ब्लास्टर १६. नकली कार्डं बहुतेक प्रोपर्यंतचीच नक्कल करायची. सोळाची नक्कल करायचं धाडस ॲव्हान्स लॉजिकच्या एएलएस १०० ने केलं, सी-मीडियाच्या सीएमआय ८३३० ने केलं, आणि या दोन्ही आयसी आपल्याकडच्या स्वस्त संगणकांत मी पुष्कळ पाहिल्या.

पण डोळ्यांनी ओळखणं हा अर्धाच भाग. खरा अभ्यास कानाचा, आणि तो अण्णांनी फार चिकाटीने करून घेतला. सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं बसलेला रसिक जसा गायकाचं नाव माहीत नसताना एका तानेवरून घराणं सांगतो, तसं आयसी ओळखता आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. टेबलावर झाकण काढलेला एक संगणक, त्यात आळीपाळीने कार्डं बदलायची. मी पाठ करून बसायचो. चाल एकच, डूमच्या पहिल्या पातळीची, बॉबी प्रिन्स यांनी बांधलेली. खरी वायएमएफ २६२ वाजली की गिटारीसारखा तो खरखरीत सूर भरीव येतो, झांज चुरचुरते. ईएसएसच्या ईएस १८६८ मध्ये त्यांचं स्वतःचं ईएसएफएम आहे. ते खूप जवळ जातं, अनेकांना फरक कळणार नाही, पण तालवाद्यांची ठेवण किंचित निराळी आणि आवाज स्वच्छ. मला ते आवडतं, आणि नक्कल या शब्दात त्याला बसवणं मला अन्यायाचं वाटतं. क्रिस्टलच्या सीएस ४२३६ मधलं एफएम मला पातळ लागायचं, काही वाद्यं ओळखूच यायची नाहीत. क्रिएटिव्हने नंतरच्या कार्डांत खर्च वाचवायला यामाहाची आयसी काढून सीक्यूएम नावाचा स्वतःचा प्रकार घातला. त्यात वरच्या सुरांवर धातूची शीळ घुमत राहते. एकदा ती कानाला कळली की पुन्हा न ऐकणं शक्य नसतं.

यात सगळ्यांत शिकवून गेलं ते सीटी २९४० नावाचं कार्ड. साउंड ब्लास्टर १६ च्या कुळातलं. एकाच सीटी २९४० या छापाखाली काही बोर्डांवर सीटी १७४७ ही आयसी असते, जिच्या पोटात खरं ओपीएल३ आहे, आणि काही बोर्डांवर सीक्यूएम. म्हणजे कंपनीचं नाव बरोबर, मॉडेलचा क्रमांक बरोबर, तरीही आत कोण गातंय ते ठाऊक नाही. आजही कुणी मला विचारतं की साउंड ब्लास्टर १६ चांगलं की वाईट, तेव्हा मला उत्तर देता येत नाही. फोटो पाठवा म्हणतो.

खरखरीची परीक्षाही ते घ्यायचे. काहीही वाजत नसताना आवाज पूर्ण वाढवायचा आणि हेडफोन लावून बसायचं. हार्ड डिस्क फिरली की कार्डात किरकिर येते का, माउस हलवल्यावर चिवचिव येते का. पुष्कळदा दोष मुख्य आयसीचा नसायचा. टीईए २०२५ ने मागे खरखर वाढवलेली असायची. बोर्डावर जंपर असेल तर ॲम्प्लिफायर वगळून थेट लाइन-आउट घेता येतं, आणि त्या दोन जंपरने कार्ड ओळखू येणार नाही इतकं बदलतं. कंडेन्सर सुकलेला असेल तर खर्ज आधी जातो, हे त्यांना रेडिओपासून माहीत होतं. अण्णांचा न्याय असा की दुरुस्ती करण्याआधी कुठल्याही आयसीला नावं ठेवायची नाहीत.

एका ऑर्केस्ट्रावाल्यांचं एडब्ल्यूई ३२ दुरुस्तीला आलं होतं, त्या दिवसांची आठवण मला सर्वांत जवळची आहे. १९९४ सालचं हे लांबलचक कार्ड. क्रिएटिव्हने आदल्या वर्षी ई-म्यू ही कंपनी विकत घेतली होती. तिची ईएमयू ८००० ही आयसी या कार्डावर. ती लहरींवर लहरी चढवून आवाज बनवत नाही, खऱ्या वाद्यांचे नोंदलेले तुकडे वाजवते, बत्तीस सूर एकदम. एक मेगाबाइट रॉममध्ये ठरावीक १२८ वाद्यं. जनरल मिडीच्या त्या यादीत १०५ क्रमांकावर सतार आहे, ११२ वर सनई आहे. ढोलकी नाही. पण कार्डावर ५१२ किलोबाइट रॅम मोकळी होती, आणि सिमच्या पट्ट्या लावून ती २८ मेगाबाइटपर्यंत वाढवता यायची. त्या रॅममध्ये आपले आवाज भरायची सोय म्हणजे साउंडफाँट.

कार्डाची एक बाजू मुकी झाली होती. ऑप-अँप बदलल्यावर ती बोलू लागली. अण्णांनी मालकांना विचारलं, दोन दिवस ठेवू का? ते हो म्हणाले. वाड्याच्या मागे एक ढोलकीवादक राहायचे, बाऱ्यांमधून वाजवलेले, वयस्क. अण्णा स्वतः त्यांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आले. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, अण्णांनीच बांधलेल्या प्रीॲम्प्लिफायरला माइक जोडला. एकेक बोल सुटा हवा होता. थाप, घुमकी, चाट, आणि प्रत्येकानंतर शांतता. सुटा बोल वाजवायची त्यांना सवय नव्हती. हात पुढचा ठेका धरायला धावायचा, आणि अण्णा हसत हसत “पुन्हा एकदा” म्हणायचे. ५१२ किलोबाइटमध्ये ४४.१ किलोहर्ट्‌झवर, सोळा बिटांनी, मोनो नोंदलेला आवाज सहा सेकंदही पुरता मावत नाही. त्यामुळे मी एकेक बोल कापत बसलो. घुमकीचा शेवट कुठे तोडायचा यावरून आमचा चांगला वाद झाला. मी जागा वाचवू बघत होतो. अण्णा म्हणाले, “घुमकीचा शेवटच काढून टाकलास तर मग ढोलकी कशाला घेतलीस?” चाट आखूड केली, घुमकी पूर्ण ठेवली.

रात्री उशिरा ती कीबोर्डवर वाजली. ढोलकीवाले काका पुढे सरकून पडद्याकडे बघत होते. साउंडफाँटच्या फाइलीत माहितीसाठी काही जागा असतात: हे कुणी बनवलं, हक्क कुणाचा, शेरा काय. मी त्या मोकळ्या सोडल्या होत्या. अण्णांनी विचारलं, “हे काय आहे?” मी सांगितलं. “त्यांचं नाव घाल.”

“अण्णा, ते कोण वाचणार?”

“तू यामाहाचं वाचलंस की नाही?”

मी काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, विचारून टाइप केलं. रोमन लिपीत करावं लागलं, कारण दुसरी सोय नव्हती. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. ती फाइल माझ्याकडे अजून आहे आणि अजून वाजते. पुढे नोकरीत जिथे जिथे माझ्या हातून प्रोग्रॅम गेले, तिथे सोबत काम करणाऱ्यांची नावं त्यात घातल्याशिवाय मी ते पुढे पाठवले नाहीत.

 

साउंड कार्डांचं काम संपलं ते कुणाच्या चुकीने नव्हे. १९९७ मध्ये इंटेलने एसी ९७ हा मानदंड आणला आणि ध्वनीचं काम मदरबोर्डवर गेलं. एक लहानशी कोडेक आयसी, बाकी सगळा भार प्रोसेसरवर. काही वर्षांत साधा संगणक घेणाऱ्याला वेगळं कार्ड घ्यायचं कारण उरलं नाही, आणि अण्णांच्या टेबलावरची कार्डं कमी होत गेली. त्यांनी तक्रार केली नाही. मंडळांचे ॲम्प्लिफायर होतेच, भाद्रपदाआधी त्यांना जेवायला फुरसत नसायची. मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी काही द्यायला गेलो. पाकीट त्यांनी काकूंच्या हाती दिलं, आणि निघताना काकूंनी ते माझ्या पिशवीत परत ठेवलं, बरोबर लाडवांचा डबा. “वाचून दाखवत होतास, त्याचे पैसे मी कुठे दिले तुला?” अण्णा म्हणाले. त्यावर मला बोलता आलं नाही.

मदरबोर्डवरच्या ध्वनीच्या आयसीवर आज बहुधा रिअलटेकचं नाव असतं आणि क्रमांक एएलसीने सुरू होतो. ती अक्षरं ॲव्हान्स लॉजिकपासून आलेली आहेत, त्याच एएलएस १०० वाल्यांपासून. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं होतं. वहीत लिहून ठेवतो म्हणाले. क्रिएटिव्हचे संस्थापक सिम वाँग हू ४ जानेवारी २०२३ रोजी वारले. त्यांच्याबद्दल वाचताना कळलं की १९८१ साली सिंगापूरच्या पर्ल्स सेंटरमध्ये क्रिएटिव्ह सुरू झाली ती संगणक दुरुस्तीचं दुकान म्हणून. हे मात्र सांगायला अण्णा नव्हते. ते त्याआधीच गेले. चिठ्ठ्या डकवणाऱ्या त्या कंपनीवर त्यांचा राग होता, तरी तिची सुरुवात दुरुस्तीच्या टेबलावर झाली हे कळल्यावर त्यांना ती आपली वाटली असती, याची मला खात्री आहे.

तुमच्या घरी माळ्यावर नव्वदच्या दशकातला संगणक पडून असेल तर तो भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. भंगारात हे बोर्ड कडेच्या सोनेरी पट्ट्यांसाठी घेतले जातात, आणि एकदा ते तेजाबात गेले की त्यावर कोण गात होतं ते कायमचं पुसलं जातं. कार्ड काढताना कडेला धरा, पट्ट्यांना बोट लावू नका. अँटिस्टॅटिक पिशवी नसेल तर कोऱ्या कागदात गुंडाळा. ड्रायव्हरच्या फ्लॉपी सापडल्या तर आधी त्यांची प्रत काढून घ्या, कारण त्या कार्डाच्याही आधी मरतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मोठ्या आयसीचा क्रमांक वाचता येईल असे. आणि कार्ड कुणाला देणार असाल तर सोबतच्या चिठ्ठीवर खोक्यावरच्या नावाआधी तो क्रमांक लिहा.